पलीकडचा श्रोता : एक प्रस्तावना

समुद्रपार प्रवासाला निघणाऱ्या शिडाच्या नौकेवर दूर पल्ल्याचे संदेशयंत्र कोणते असावे, याविषयीचा वाद नौकामालकांच्या मेळाव्यात एकदा सुरू झाला म्हणजे तो सहसा यंत्रांच्या नावांवर येऊन ठेपतो; कोणी लघुलहरींच्या रेडिओचा कैवार घेतो, कोणी उपग्रह-दूरध्वनीचा, आणि अलीकडे तर एक पांढरी चौकोनी थाळी छपरावर ठोकली की सगळे प्रश्न मिटले असे मानणारांचीच संख्या वाढत चालली आहे. हे सारे वादी आपापल्या अनुभवाच्या मर्यादेत खरेच बोलत असतात. परंतु यंत्र किती दूर पोहोचते, किती वेगाने चालते आणि त्याला पैसे किती पडतात, एवढीच विचारपूस करून निवड करणारा मनुष्य मूळ प्रश्न बाजूला ठेवतो. आणि तो मूळ प्रश्न असा की, किनाऱ्यापासून हजार सागरी मैलांवर आपण बोललो तर पलीकडे ऐकणारा कोण आहे, तो कोणत्या बांधिलकीने ऐकतो, आणि ज्या घटकेला डोलकाठी मोडून पाण्यात लोंबत असेल त्या घटकेला आपला शब्द त्याच्यापर्यंत नेणारे नौकेवर काय शिल्लक राहील. प्रस्तुत ग्रंथाची उभारणी या प्रश्नावर झालेली आहे, म्हणूनच त्याला प्रस्तावना लिहिण्याचे मी आनंदाने मान्य केले.

नवख्या वाचकासाठी प्रथम या क्षेत्राची चतुःसीमा सांगितली पाहिजे. किनाऱ्याजवळ सर्रास वापरला जाणारा व्हीएचएफ रेडिओ दृष्टिरेषेच्या नियमाने बांधलेला आहे. दोन नौकांच्या डोलकाठ्यांच्या शेंड्यांवर अँटेना असल्या तरी त्यांचे संभाषण पंधरा-वीस सागरी मैलांपलीकडे भरवशाचे राहत नाही, आणि उंच मनोऱ्यावरील किनारी केंद्राशी झाले तर त्याहून थोडे अधिक. मुंबईहून पश्चिमेस निघालेली नौका एका रात्रीत या वर्तुळाबाहेर पडते, आणि तेथून पुढे या ग्रंथाचा मुलूख सुरू होतो. व्यापारी जहाजांना या मुलखात निवडीची मुभा फारशी नाही. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या उत्तरोत्तर सुधारलेल्या रूपांनी ३०० टनांवरील मालवाहू आणि सर्व उतारू जहाजांची यंत्रसामग्री ठरवून टाकली आहे. आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे अंमलात आलेल्या जागतिक सागरी आपत्ती व सुरक्षा यंत्रणेने तर साऱ्या समुद्राचे चार इलाखे पाडून प्रत्येक इलाख्याचा शिरस्ता नेमून दिला. खाजगी शिडाच्या नौकेला यांतले बहुतेक काही लागू होत नाही. ज्या निर्णयासाठी जहाजाच्या पाठीशी तज्ज्ञांच्या समित्या आणि तपासनीसांची दप्तरे उभी असतात, तो निर्णय चाळीस फुटी नौकेचा मालक एकटा, आणि बहुधा विक्रेत्याच्या गल्ल्यासमोर उभा राहून, घेतो.

या स्वातंत्र्याचे गुणदोष सर्वांत स्पष्टपणे दिसले ते लंडनच्या ‘संडे टाइम्स’ पत्राने १९६८ साली जाहीर केलेल्या, एकट्याने आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत. ती पूर्ण करणारा एकमेव स्पर्धक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी नौका मुंबईत सागवानात बांधली गेली होती, आणि २२ एप्रिल १९६९ रोजी ती फॅलमथ बंदरात परतली तेव्हा तिला तेथून निघून ३१२ दिवस झाले होते. त्याच्या प्रेषकाने प्रवासाच्या पूर्वार्धातच मान टाकली. नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ तो दिसला आणि त्यानंतर साडेचार महिने त्याची काही खबर नव्हती. एप्रिलच्या आरंभी अझोर्स बेटांच्या परिसरात एका तेलवाहू जहाजाला त्याने दिव्याच्या उघडझापीने संदेश दिला, तेव्हा कोठे तो हयात असल्याचे घरी कळले. दुसरा, फ्रेंच दर्यावर्दी बर्नार्द म्वातेसिए, याने देऊ केलेला रेडिओ बुद्ध्याच नाकारला होता; यंत्राच्या कटकटीपेक्षा त्याला गलोल अधिक विश्वासाची वाटे, आणि वाटेत भेटणाऱ्या जहाजांच्या डेकवर तो चिठ्ठ्या गलोलीने भिरकावीत असे. शर्यत सोडून आपण प्रशांत महासागराकडे निघालो आहोत, हा जगाला चकित करणारा मजकूरही त्याने १९६९ च्या मार्चमध्ये केपटाउनजवळ एका जहाजावर असाच फेकला. तिसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. याच्याजवळ रेडिओ होता आणि तो चालतही होता. अटलांटिकमध्येच घोटाळत राहून आपण दक्षिण महासागर ओलांडीत असल्याचा भास निर्माण करणाऱ्या तारा त्याने त्याच रेडिओवरून पाठविल्या, आणि जुलै १९६९ मध्ये त्याची नौका रिकामी तरंगताना सापडली तेव्हा आतल्या वह्यांनी खरी हकीकत उघड केली.

या तिघांची कथा ग्रंथकर्त्यांनी पहिल्याच प्रकरणात घेतली आहे, आणि ती केवळ रंजनासाठी नाही. यंत्र नसणे, यंत्र बिघडणे आणि यंत्रावरून आलेल्या शब्दाची शहानिशा करता न येणे, या तिन्ही अवस्था आजही नौकांवर जशाच्या तशा आहेत. आज उपग्रहामार्फत दर काही तासांनी नौकेचे स्थान आपोआप कळविणारी डबी क्रोहर्स्टच्या वाटेला आडवी आली असती हे खरे. पण तीच डबी बंद पडली म्हणजे घरच्या मंडळींच्या जिवाची जी घालमेल होते ती म्वातेसिएच्या काळात कोणाला माहीत नव्हती, कारण तेव्हा मौन हीच समुद्राची नित्याची स्थिती समजली जाई. शोधपथके निष्कारण धाडावी लागण्याचे एक कारण, माझ्या मते, हे बदललेले मौन आहे. निघण्यापूर्वी घरी काय सांगून ठेवावे, किती दिवसांच्या शांततेनंतर घाबरावे आणि कोणाला कळवावे, याची लेखी तजवीज हा संदेशसामग्रीचाच एक भाग मानला पाहिजे, असे ग्रंथकर्ते आग्रहाने म्हणतात, आणि ते योग्य आहे.

आता लघुलहरींकडे वळू. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्धू येथून सोडलेला संकेत न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचे मार्कोनीने जाहीर केले, तेव्हा सरळ रेषेत धावणाऱ्या लहरी पृथ्वीच्या गोलाईवरून वळल्या कशा, याचा उलगडा कोणालाच होईना. पुढल्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वातावरणाच्या वरच्या भागात विद्युद्वाहक थर असला पाहिजे असे सुचविले, आणि १९२४ मध्ये ॲपल्टन यांनी त्याचे अस्तित्व प्रयोगाने दाखविले. या आयनांबराच्या जोरावर थोड्याशा शक्तीच्या लघुलहरी महासागर ओलांडतात हे कळताच साम्राज्याच्या तारखात्याचे चित्र पालटले. महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे: १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये जी लघुलहरींची बिनतारी सेवा सुरू झाली तिचे प्रक्षेपण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. आज खडकी-दौंडचा रेल्वेप्रवास करणाऱ्यांपैकी हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

नौकेवरील सिंगल साइडबँड रेडिओ याच तत्त्वावर चालतो. सूर्याच्या तेजाने आयनांबराची जडणघडण तासातासाला बदलते. दिवसा खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो म्हणून १२ किंवा १६ मेगाहर्ट्झकडे जावे लागते, रात्री तो थर विरला की ४, ६ आणि ८ मेगाहर्ट्झचे पट्टे दूरवर बोलू लागतात, आणि सुमारे अकरा वर्षांचे सौरडागांचे चक्र या साऱ्यावर आपले वर्चस्व ठेवून असते. यामुळे असा चमत्कार घडतो की दोन हजार मैलांवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो आणि शंभर मैलांवरच्या नौकेचा मात्र पत्ता लागत नाही. हे शास्त्र हस्तगत करावयास महिने लागतात. शिवाय यंत्र विकत घेऊन भागत नाही: डोलकाठीला मागून ताणून धरणारी पोलादी तार वरखाली विलगकारक घालून तोडावी लागते म्हणजे तिची अँटेना होते, तिच्या पायथ्याशी स्वयंचलित ट्यूनर बसवावा लागतो, आणि समुद्राच्या पाण्याशी विद्युत्-संबंध जुळविण्यासाठी नौकेच्या पोटात तांब्याच्या रुंद पट्ट्या पसराव्या लागतात. कमकुवत रेडिओ म्हणून ज्यांची निर्भर्त्सना होते त्यांतले बरेचसे रेडिओ निर्दोष असतात. दोष त्या पट्ट्यांच्या हिरव्या पडलेल्या सांध्यांत असतो. बोलताना हे यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीतून क्षणभर पंचवीस-तीस अँपिअर ओढते, आणि बॅटरी थकलेली असेल तर आवाज विकृत होऊन नेमका संकटाच्या वेळी कळेनासा होतो.

इतका खटाटोप करून पदरात काय पडते? एक समाज पदरात पडतो. लघुलहरींवर बोललेला शब्द कोणा एकाच्या मालकीचा नसतो; ठरलेल्या वेळी ठरलेल्या वारंवारतेवर एकाच महासागरातल्या नौका हजेरी देतात, कोणाचे सुकाणू निखळले, कोणाला ताप आला, पुढच्या बेटावर पाणी कोठे मिळते, हे सर्वांनाच ऐकू येते, आणि मदतीला जवळ कोण आहे हे विचारावे लागत नाही. कॅनडातील बर्लिंग्टनहून हर्ब हिल्गेनबर्ग यांनी १२३५९ किलोहर्ट्झवर अटलांटिकमधील नौकांना वर्षानुवर्षे, एक पैसा न घेता, रोज हवामान सांगितले. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा अनेक नाविकांना आपल्या घरचा वडीलधारा गेल्यासारखे वाटले. हौशी बिनतारीवाल्यांचे विनलिंक आणि नौकामालकांच्या सहकारातून चालणारे सेलमेल यांनी जर्मन बनावटीच्या पॅक्टर मोडेमच्या साहाय्याने याच लहरींवरून टपाल आणि वाऱ्याचे तक्ते नौकेवर आणले. गती मंद, पण हजारो मैलांवर वाऱ्याचा तक्ता मिळणे ही तेव्हा क्रांती होती. तथापि लघुलहरींचा श्रोता ऐच्छिक आहे, हे विसरता कामा नये. ज्या सरकारी केंद्रांवर नोकरी म्हणून ऐकणारी माणसे बसत ती केंद्रे एकामागून एक मिटत गेली: ब्रिटनचे सुप्रसिद्ध पोर्टिसहेड केंद्र २००० साली बंद झाले, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २१८२ किलोहर्ट्झ या संकटहाकेच्या वारंवारतेवरचा पहारा २०१३ मध्ये उठविला. उरलेला पहारा बहुतांशी हौशी लोकांच्या सद्भावनेवर चालला आहे.

उपग्रहांचा संप्रदाय याच्या अगदी उलट वृत्तीचा. १९७९ मध्ये सरकारांच्या सहकारातून उभी राहिलेली इन्मारसॅट ही संस्था भूस्थिर उपग्रहांवर चालली. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहाकडे सतत रोखून धरावी लागणारी थाळी डोलत्या नौकेवर पेलणे जहाजांना जमले, लहान शिडांना क्वचितच. त्यांच्यासाठी इन्मारसॅट-सी हे अक्षरसंदेशांचे छोटे, संथ आणि अत्यंत विश्वासू यंत्र निघाले. १९९८ च्या नोव्हेंबरात इरिडियमने सुमारे ७८० किलोमीटरवरून फिरणाऱ्या ६६ उपग्रहांचे जाळे सुरू केले आणि ध्रुवांसकट सारी पृथ्वी हातात मावणाऱ्या दूरध्वनीच्या टप्प्यात आली. एवढे अद्भुत कार्य सिद्ध झाल्यावर वर्ष उलटण्याच्या आत कंपनीचे दिवाळे वाजले, उपग्रह वातावरणात पाडून जाळून टाकण्याची योजनाही झाली, आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे गिऱ्हाईक मिळाल्यामुळेच ते आकाशात राहिले. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. उपग्रहाचा श्रोता पगारी आणि तत्पर असतो, पण त्याची तत्परता एका व्यापारी ताळेबंदावर उभी असते. आज सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या हजारो उपग्रहांच्या स्टारलिंकने समुद्रावर शहरासारखे इंटरनेट आणले, त्याने हवामानाचे पूर्ण नकाशे, डॉक्टरांशी समोरासमोर सल्लामसलत, इतकेच काय घरच्यांचे मुखदर्शनही सुलभ झाले, हे नाकारणे दुराग्रहाचे होईल. परंतु २४ जुलै २०२५ रोजी ती सेवा जगभर अडीच तास बंद पडली तेव्हा महासागरातला आणि महानगरातला ग्राहक सारखाच मुका झाला. आणि तिची नेहमीच्या आकाराची थाळी अहोरात्र चालू ठेवली तर पन्नास ते शंभर वॅट खाते. सूर्यपटलांवर जगणाऱ्या नौकेच्या दैनंदिन उत्पन्नाचा बहुतेक हिशेब त्यातच संपतो.

संकटाच्या हाकेचा विचार या दोन्ही संप्रदायांपासून वेगळा केला पाहिजे, आणि बहुतेक विक्रेते तो करीत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा ईपर्ब हा संकटदीप बोलत नाही, ऐकत नाही. पाण्यात पडताच किंवा कळ दाबताच तो सुमारे दर पन्नास सेकंदांनी आपला क्रमांक आकाशात सोडतो, आणि त्याची बॅटरी निदान ४८ तास टिकावी असा नियम आहे. ही कोस्पास-सारसॅट यंत्रणा अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात एकत्र येऊन उभारली, हे विसाव्या शतकातल्या सुखद आश्चर्यांपैकी एक होय. तिचा श्रोता राज्यसंस्था आहे. भारताचे नियंत्रण केंद्र बेंगळुरूला आहे. मात्र क्रमांकाची नोंदणी केलेली नसेल तर त्या केंद्राला दिसतो तो केवळ एक आकडा. नौका कोणती, माणसे किती आणि घरी विचारायचे कोणाला, हे त्याला कळत नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये या सर्व गोष्टींची कसोटी एका भारतीय नाविकाने दिली. १९६८ च्या शर्यतीची पन्नाशी म्हणून भरलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली, ‘सुहैली’च्याच धाटणीची ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात २१ तारखेला नौका उलटली, डोलकाठ्या गेल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. एक उपग्रह-दूरध्वनी संकटपिशवीत होता. ती पिशवी काही हातांवर होती आणि तेथवर जाणे त्यांना शक्य नव्हते. अंथरुणातून हाताला लागेल असे राहिले ते अक्षरसंदेशाचे एक लहानसे यंत्र, आणि त्यावरून गेलेल्या तुटक शब्दांनी ते जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत आणि हलू शकत नाहीत एवढे बाहेर कळले. ऑस्ट्रेलियाच्या शोधकेंद्राने सूत्रे हाती घेतली, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका हेरली, आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्यरक्षक जहाजाने त्यांना उचलले. डोलकाठीबरोबर तिच्या तारेवरची अँटेनाही जाते, आणि सर्वोत्तम यंत्र जखमी माणसाच्या हातापासून चार फूट दूर असेल तर ते नसल्यातच जमा, हे दोन धडे ग्रंथकर्त्यांनी यंत्रांच्या मांडणीवरील प्रकरणाच्या मुळाशी घेतले आहेत. तुलनात्मक तक्त्यांनी भरलेल्या परदेशी पुस्तकांत मांडणीचे हे शास्त्र मला कोठेच इतके तपशिलाने आढळले नाही.

मराठी वाचकासाठी आणखी एक प्रकरण अपरिहार्य होते, ते परवान्यांचे. नौकाविहारावरची इंग्रजी पुस्तके गृहीत धरतात की खिशातला उपग्रह-दूरध्वनी ही नाविकाची खाजगी बाब आहे. आपल्याकडे तसे नाही. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर तर या बाबतीत अंमल अधिकच कडक झाला. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांची उपग्रहयंत्रे दूरसंचार खात्याच्या पूर्वपरवानगीवाचून भारतात बाळगणे हा गुन्हा ठरतो, आणि गिर्यारोहणासाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांना सामानात असली डबी सापडल्याने विमानतळावर अटकाव झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. अरबी समुद्र ओलांडून कोकणात किंवा गोव्यात येणाऱ्या शिडांना, आणि येथून निघणाऱ्यांना, बंदरात नांगर टाकण्यापूर्वी हा कायदा ठाऊक असला पाहिजे. सुरक्षेची काळजी रास्त आहे. पण तिची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. २०१७ च्या ओखी वादळाचा इशारा निघाला तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांपर्यंत तो पोहोचविणारे साधनच त्यांच्यापाशी नव्हते. ज्यांचे नशीब बलवत्तर होते त्यांच्या कित्येक नौका वाऱ्याने रेटत देवगडच्या आश्रयाला येऊन लागल्या. इस्रोने मच्छीमारांसाठी घडविलेला संकटसूचक आता संदेश पोहोचल्याची पोचही देतो, ही उत्तम गोष्ट झाली. शिडाच्या हौशी नौकांसाठीही असाच स्वस्त, देशी आणि निर्वेधपणे बाळगता येण्याजोगा पर्याय निघावा, असे मला वाटते.

ग्रंथकर्त्यांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे आणि तो त्यांच्या अनुज्ञेनेच येथे मांडतो. महासागरात जाणाऱ्या प्रत्येक नौकेवर लघुलहरींचा रेडिओ हवाच, असा त्यांचा पक्ष आहे. त्या रेडिओच्या समाजाविषयी मला त्यांच्याइतकीच आत्मीयता आहे; तरीही ज्या दांपत्याला तो शिकण्याची सवड नाही आणि हौसही नाही, त्यांनी नौकेचे पोट तांब्याने मढविण्यापेक्षा तेच द्रव्य एक ईपर्ब, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची उपग्रहयंत्रे आणि पुरेशी बॅटरी यांवर खर्चावे, असे मी सांगेन; न येणारे वाद्य घरात टांगून ठेवल्याने कोणी गवई होत नाही. वाचकाने दोन्ही बाजू वाचून स्वतःच्या नौकेचा आणि स्वभावाचा निवाडा करावा.

यंत्रांच्या किमती आणि सेवांचे दर या ग्रंथात दिलेले नाहीत, कारण छापखान्यातून पुस्तक बाहेर पडेपर्यंत ते बदललेले असतात. त्याऐवजी प्रत्येक यंत्राचा दैनंदिन वीजखर्च, अँटेनेची जागा, पलीकडे कोण ऐकतो आणि डोलकाठी पडल्यावर ते चालेल की नाही, असे रकाने पाडलेले आहेत. शेवटी काही कोरी पाने मुद्दाम ठेवली आहेत. नौकेचा एमएमएसआय हा रेडिओ-ओळखक्रमांक, ईपर्बचा क्रमांक व त्याच्या नोंदणीची तारीख, रोजच्या संपर्काची वेळ, आणि किती दिवसांच्या मौनानंतर कोणत्या शोधकेंद्राला फोन करावा, हे त्या पानांवर लिहून त्यांची एक नक्कल घरी राहणाऱ्या माणसाच्या हाती द्यावयाची आहे.